महिन्याचा कोटा

आमच्या प्राचार्यांची एक खोड आहे. कुठला दिन किंवा सप्ताह जवळ आला की ते स्टाफरूमच्या दारात उभे राहतात, सगळ्यांवरून नजर फिरवतात आणि शेवटी माझ्यावर येऊन थांबतात. मी बारावीला अर्थशास्त्र शिकवते, पन्नाशीला टेकले आहे, आणि नाही म्हणायला मला नेहमी उशीर होतो. गेल्या ऑक्टोबरात व्यसनमुक्तीचा सप्ताह आला तेव्हा त्यांनी विषयसुद्धा ठरवून आणला होता: धूम्रपानाचा देशाला पडणारा आर्थिक भुर्दंड. वीस मिनिटं बोला, म्हणाले, मुलांना आकडे आवडतात.

मुलांना आकडे आवडतात हे या गृहस्थांना कोणी सांगितलं कोण जाणे. मी हो म्हणून घरी आले, साडी बदलायला कपाट उघडलं, आणि वास आला.

हे आईचं लोखंडी कपाट. आई आणि बाबा दोघंही आता नाहीत. वसईतल्या या दोन खोल्यांत मी एकटीच राहते, आणि या घरात आजवर कोणी एक सिगारेट पेटवलेली नाही. तरी कपाटाच्या खालच्या खणातून तंबाखूचा वास येतो. जळलेल्या नव्हे, कोऱ्या तंबाखूचा. गोडसर, मनुका डब्यात फार दिवस पडून राहिल्या की येतो तसा. त्या खणात शेवटचं पाकीट ठेवलं त्याला पंचवीसहून जास्त वर्षं झाली. मी कापूर ठेवून पाहिला, कडुनिंबाचा पाला ठेवून पाहिला, एकदा तर कपाट रिकामं करून रंगवून घेतलं. वास काही दिवस दबतो आणि परत येतो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण तो खण उघडताना मला भीती वाटते, हे इथे सरळच लिहून टाकते.

बाबा मुंबईच्या उपनगरातल्या एका सिगारेटच्या कारखान्यात फिटर होते. पाकिटं भरणारी यंत्रं बिघडली की ती दुरुस्त करायचे. तिथल्या प्रत्येक कामगाराला पगाराबरोबर दर महिन्याला ठरावीक पाकिटं फुकट मिळत. त्याला कोटा म्हणत. ओढणारे ओढत, न ओढणारे वाटत किंवा विकत. बाबा ओढत नसत. आयुष्यात त्यांनी एक झुरका घेतला नाही. कामावरून आले की आधी न्हाणीघरात जात, मग माणसांत येत. अंगावरचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवत. लहानपणी मी दारातच त्यांना बिलगायला धावायची, तर ते दोन्ही हात वर करून मागे सरायचे, पोलिसाने पकडल्यासारखे. आंघोळ झाली की मग उचलून घ्यायचे. कोट्याचा खोका आईच्या साड्यांखाली जायचा, आणि घरात एकच कायदा होता: पाकीट घरात फोडायचं नाही.

मग ती पाकिटं जायची कुठे? गॅसचा सिलिंडर वर चढवणाऱ्याला एक, नळवाल्याला एक, दिवाळीत पोस्टमनला दोन. आमच्या इमारतीत कोणाचं काही अडलं की लोक म्हणत, फिटरसाहेबांना सांगा, त्यांचं पाकीट चालतं. पण कोट्याचा मोठा वाटा जायचा तो पाचूबंदरच्या कोळीवाड्यात.

पाचूबंदरची एक कोळीण आठवड्यातून दोनदा डोक्यावर पाटी घेऊन आमच्या इमारतीत यायची. मी तिला मावशी म्हणते. आई कऱ्हाडकडची, मासळीत अगदीच ढ. बोंबील हातात घेऊन ती त्याचे खवले शोधत बसायची, आणि मावशी पायरीवर बसून पोट धरून हसायची. ही घाटावरची बाई बोंबील धुते की पोर न्हाऊ घालते, म्हणायची. तिनेच आईला पापलेट कसं चिरायचं, करंदी कशी सोलायची, हे सगळं शिकवलं. बाबांना मासे फार आवडू लागले आणि फिटरचा पगार तो केवढा. तेव्हा कधीतरी सौदा ठरला. मावशीचा नवरा बोटीवर तांडेल होता, म्हणजे बोट चालवणारा, खलाशांचा मुख्य. तो विड्या ओढायचा. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बाबा मावशीच्या पाटीत पाकिटं ठेवू लागले आणि मावशी महिनाभर आम्हाला मासळी देऊ लागली. दोन्हीकडच्यांना वाटे की आपलंच फावलं. आमच्या घरात मासळीला कधी पैसे पडले नाहीत, हे आई आल्यागेल्याला अभिमानाने सांगायची. मी शाळेत सगळ्यांत उंच होते. मासे खाऊन, असं बाई म्हणायच्या.

मी दहा वर्षांची असेन. एका सुट्टीच्या दिवशी दुपारी आई झोपली होती. मी कपाटातून एक पाकीट काढलं, फोडलं, आणि आरशासमोर उभी राहून एक सिगारेट ओठांत धरली. पेटवली नव्हती, पेटवता येतही नव्हती. बाबा मागे येऊन कधी उभे राहिले ते कळलं नाही. त्यांनी माझ्या तोंडात मारली ती इतक्या जोरात की सिगारेटचे दोन तुकडे झाले आणि ओठ फुटला. त्यांनी माझ्यावर त्याआधी कधी हात उचलला नव्हता आणि नंतरही कधी उचलला नाही. मारल्यावर ते स्वतःच खाली बसले. विष आहे ते, म्हणाले. रोज बघतो मी, कारखान्यात माणसं खोकून खोकून कशी वाकतात. परत हात लावलास तर मी मेलो समज.

दुसऱ्या दिवशी पाकिटं द्यायची महिन्याची तारीख होती. सकाळी मावशी आली, आणि बाबांनी त्याच हाताने खण उघडून तिच्या पाटीत पाकिटं ठेवली. माझा ओठ सुजला होता. मावशीने विचारलं, काय झालं पोरीला, आणि आई म्हणाली, पडली. मी पाटीतल्या पाकिटांकडे बघत होते. दहा वर्षांच्या पोरीलाही एवढा हिशेब येतो, की जे माझ्यासाठी विष ते मावशीच्या घरी साखर नसणार. पण त्या दिवशी दुपारी तिने दिलेला हलवा तळला होता, आणि फुटक्या ओठानेही मी तो पोटभर खाल्ला.

तांडेलला मी पहिल्यांदा पाहिलं ते जेटीवर. रविवारी सकाळी बाबा मला सायकलवर पुढे बसवून किल्ल्याच्या बाजूने पाचूबंदरला न्यायचे. तांडेल काळा, रुंद, मानेवर मिठाचे पांढरे वण. त्याची ख्याती एकाच गोष्टीची होती. समुद्रात बोटीच्या पंख्याला जाळं गुंडाळलं की दुसऱ्या बोटीवाले बंदरात निरोप धाडत. हा मात्र दातांत सुरी धरून स्वतः खाली जायचा. वर खलाशी मोजत राहायचे. एकदा बंदरातच त्याने मला ते करून दाखवलं. मी काठावर उभी राहून मोजत होते, साठपर्यंत गेले, सत्तर झाले, मला रडू यायला लागलं. नव्वदच्या पुढे तो वर आला, तोंडातलं पाणी माझ्या अंगावर उडवलं आणि विचारलं, किती झाले? मी सांगितलं तर म्हणाला, तू हळू मोजतेस.

मग तो बाबांशेजारी दोरखंडावर बसायचा. बाबा खिशातून पाकीट काढून फोडायचे, त्याला एक द्यायचे, वाऱ्याला हाताचा आडोसा करून पेटवून द्यायचे. स्वतः घ्यायचे नाहीत. तांडेलने विचारलं की हसून म्हणायचे, मी आठवडाभर कारखान्यात ओढतो, रविवारी छातीला सुट्टी. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, एकदा नाही, अनेकदा. तेव्हा मला ती थाप गमतीची वाटायची. दुसऱ्याला देताना आपण घेत नाही असं सांगणं त्यांना अपमानाचं वाटत असणार, किंवा आपण का घेत नाही ते सांगावं लागेल याची भीती. काहीही असो, लोका सांगे ब्रह्मज्ञान ही म्हण आमच्या घरात उलटी लागू होती. बाबा स्वतः कोरडे राहिले, पण ब्रह्मज्ञान त्यांनी घराबाहेर कोणालाच सांगितलं नाही.

बाबा निवृत्त झाले, कोटा बंद झाला. तांडेल मग विकत घेऊन ओढू लागला, त्याच छापाच्या. मावशीने मासळी आणणं थांबवलं नाही, आणि पैसे घेणंही सुरू केलं नाही. आई नोट पुढे करायची, मावशी तिचा हात मागे लोटायची. साहेबानं इतकी वर्षं दिलं, आता आम्ही देतो, म्हणायची. पुढे माझ्याशीही तेच. वीस-पंचवीस वर्षं दर वेळी मी नोट काढते, ती हात मागे लोटते. तो आमचा रिवाजच झाला.

बाबा अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी झोपेत गेले. आदल्या दिवशी तीन जिने चढून भाजी घेऊन आले होते. छाती स्वच्छ, डॉक्टर म्हणाले होते, तरुणासारखी. तांडेल अंत्ययात्रेला आला तो पहिल्या मजल्यावर थांबत, दुसऱ्यावर बसत. वर पोचला तेव्हा त्याच्या छातीतून पिपाणीसारखा आवाज येत होता. तो माझ्याजवळ आला, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "त्याचा पन धूरच झाला, पोरी. आम्ही दोघं एकाच पाकिटातले. आता माझा नंबर."

नाही म्हणायची ती वेळ होती. मी म्हणाले नाही. घरात प्रेत, बायका रडताहेत, अशात कुठे काय सांगायचं, अशी मी स्वतःची समजूत घातली. मग महिने गेले, वर्षं गेली, तांडेल अंथरुणाला खिळला, आणि आजवर मी गेले की तो तेच म्हणतो. तुझा बाप गेला तसाच मी जाणार. म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर एक प्रकारचं समाधान असतं. आपल्यासोबत कोणी आहे, असं. मला त्याला सांगायचं होतं की तिथे तुमच्यासोबत कोणी नाही. हे सांगायला मी गेली दोन वर्षं दर पंधरा दिवसांनी पाचूबंदरला जाते आहे, आणि न सांगता मासळी घेऊन परत येते आहे.

भाषणाची तयारी मी नेहमीसारखी केली. फळ्यावर लिहायला दोन रकाने आखले. एकीकडे सरकारला मिळणारा कर, कारखान्यातल्या नोकऱ्या, टपरीवाल्यांचा धंदा. दुसरीकडे दवाखान्यांचा खर्च, औषधं, बुडालेले कामाचे दिवस, अकाली गेलेली माणसं. दुसरा रकाना जड भरतो असं पुस्तकं सांगतात, आणि ते खरंच आहे. पण तो लिहिता लिहिता माझा हात अडायला लागला. तांडेलचा दम गेला तेव्हा बोट विकली. बोटीवर दोन खलाशी होते, त्यातला एक वालीवला प्लास्टिकच्या कारखान्यात लागला आणि दुसरा नायगावला नव्या टॉवरच्या गेटवर वॉचमन झाला. समुद्र वाचता येणारी दोन माणसं, आता एक जण येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहितो. मावशी आठ महिने नवऱ्याजवळ बसून राहिली, तेवढ्यात बाजारातली तिची तीस वर्षांची जागा दुसरीने घेतली. त्यांची मुलगी मुंबईत नर्स आहे. तिने हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र आणून दिलं, ते दिवसभर चालतं, आणि वीज गेली की सगळं घर धावाधाव करून सिलिंडर जोडतं. मुलगी सुट्टीच्या दिवशी येते ती इथेही नर्सच असते. हे सगळं कुठल्या रकान्यात जातं? आणि आम्ही खाल्लेली पापलेटं कुठल्या?

मी अर्थशास्त्राची पदवी त्या सिगारेटच्या पगारावर घेतली. हे घर कारखान्याच्या कर्जातून झालं. इतके दिवस हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण आपलंच नाव फळ्यावर लिहायची वेळ आली की माणूस खडू शोधत बसतो.

भाषण शनिवारी सकाळी झालं. बरं झालं. प्राचार्यांनी मान डोलावली, मुलांनी जेवढ्यास तेवढ्या टाळ्या दिल्या. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि तिने विचारलं, मॅडम, इतक्यांचं नुकसान झालं तर फायदा कोणाला झाला? मी पुस्तकातलं उत्तर दिलं. काही कंपन्यांना, काही करातून सरकारला. ती बसली. तिचं समाधान झालं असावं. मला मात्र तोंडात मारल्यासारखं झालं, अगदी ओठ फुटल्यासारखं, कारण खरं उत्तर दोनच अक्षरांचं होतं आणि ते तिच्यासमोर साडी नेसून उभं होतं. मला. फायदा मला झाला.

तशीच रिक्षा धरून मी पाचूबंदरला गेले. आज सांगायचंच, असं ठरवून. किल्ल्याचा तट संपला, बोंबील वाळत घातलेले बांबू दिसू लागले, आणि मी मनात वाक्यं जुळवत होते. बाबा ओढत नव्हते. त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मला मारलं आणि तुम्हाला दिलं. तीन वाक्यं. वीस मिनिटं बोलून आले होते, ही तीन बोलायला एक मिनिट पुरलं असतं.

तांडेल पुढच्या खोलीत खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. नाकाला नळी, बाजूला यंत्र घरघरतंय. अंगावर आता फक्त हाडांचा सांगाडा आहे, पण मानेवरचे वण तसेच. डॉक्टरांनी त्याला एका श्वासात जितके आकडे म्हणता येतील तितके मोठ्याने म्हणायला सांगितलं आहे, दम किती उरला ते कळावं म्हणून. तो हे अगदी इमानदारीने करतो. मी गेले तेव्हा सातपर्यंत पोचला होता. माझ्याकडे बघून हसला. मावशी मागच्या पडवीत मासळी साफ करत होती, तिने आतूनच मला हाक मारली आणि बस म्हणाली.

मी बसले. काका, म्हटलं, आणि पुढचं वाक्य गोळा करत होते. तेवढ्यात तोच बोलला. त्याला दोन-तीन शब्दांनंतर थांबावं लागतं, मग परत श्वास जमवावा लागतो. हल्ली दिवसभर काम नाही, म्हणाला, तर जुनं जुनं आठवत बसतो. जेटीवरचे रविवार आठवतात. तुझा बाप मला पेटवून द्यायचा. काडीसाठी हाताचा आडोसा करायचा, तो हात आठवतो. बोटं आठवतात. ओढणाऱ्याची बोटं पिवळी पडतात, त्याची कधी पिवळी दिसली नाहीत.

यंत्र घरघरत होतं. त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं.

"खरं सांग, पोरी. तुझा बाप ओढायचा का?"

दोन वर्षं मी ज्या दारावर थाप मारायचं धैर्य गोळा करत होते ते दार त्यानेच उघडून दिलं होतं. मला फक्त आत जायचं होतं. मी त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि मला तिथे राग दिसला नाही. राग असता तर मी सांगितलं असतं. तिथे भीती होती. नव्वद आकडे पाण्याखाली राहिलेल्या माणसाच्या डोळ्यांत मी भीती कधी पाहिली नव्हती. खाली एकटाच आहे का, एवढंच तो विचारत होता.

"ओढायचे," मी म्हणाले. "खूप."

"कारखान्यातच ना?"

"कारखान्यातच. घरी आई रागवायची."

त्याने डोळे मिटले. मला वाटलंच, म्हणाला, अगदी हळू. मग त्याचा हात खाटेवरून सरकत सरकत माझ्या हातावर आला. थंड होता. मी तो सोडवून घेतला नाही, पण मला तिथे बसवत नव्हतं. बाबांची थाप मी त्यांच्या मागे पुरी केली होती. रविवारी जेटीवर जे काम ते करायचे तेच मी आज खाटेशेजारी बसून केलं, हाताचा आडोसा करून. तांडेलचा डोळा लागला तशी मी उठून मागच्या पडवीत गेले.

मावशी विळीवर बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बरं केलंस, खोटं बोललीस ते."

म्हणजे तुला माहीत होतं, मी विचारलं.

तिने हातातलं पापलेट पुरं साफ केलं, पाण्यातून काढलं, आणि मग सांगितलं. पहिल्याच वर्षी, पहिल्या-दुसऱ्या महिन्यातच, बाबा कामावर गेल्यावर आई जिन्यात तिच्यामागून आली होती. बोंबील धुता न येणारी माझी आई. तिने मावशीचा दंड धरून सांगितलं होतं की माझा नवरा याला हात लावत नाही, विष आहे म्हणतो, तू तुझ्या नवऱ्याला देऊ नकोस. बाजारात विकून टाक आणि मासळीचे पैसे उभे कर.

"मग?" मी विचारलं.

"वीकली की. अर्धी," मावशी म्हणाली. "पोरीची फी त्याच्यावर भरली. नर्सिंगची पन. अर्धी याला दिली. नाय दिली की शोधायचा, भांडायचा. बोलायचा, साहेबानं दिलेली वस्तू वाईट कशी असल?" तिने विळीवर पाणी ओतलं. "वीकली ती पन कोनीतरी ओढलीच असतील ना. आमचेच जुने खलाशी घ्यायचे बाजारातून. एक तर गेला बी."

मला वाटलं होतं मी एका माणसाचं पाप घेऊन आले आहे. मावशीने पडवीत बसल्या बसल्या त्या पापाला दारं-खिडक्या पाडून दिल्या. आई होती, मावशी होती, ती पाकिटं विकत घेणारे होते, त्यांच्याही बायका कुठे कुठे जिन्यांत उभ्या असतील. प्रत्येकीला ठाऊक आणि प्रत्येकीच्या घरी चूल. माझ्या फळ्यावरचे दोन रकाने मला आठवले आणि हसू आलं, आणि मग हसू थांबवायला तोंडावर पदर धरावा लागला.

मी विचारलं, इतकी वर्षं मग तू पैसे का घेतले नाहीस? तुला तर ठाऊक होतं आम्ही काय देत होतो.

"घेतले असते तर तुम्ही गिऱ्हाईक झाला असता," ती म्हणाली. "तुझी आय जिन्यात मागून आलेली. तिला मी गिऱ्हाईक कशी करनार? तिनं सांगितलेलं मी पाळलं नाय, ते पन होतंच." मग तिने पहिल्यांदा वर पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते. "त्याला आता नको सांगू. कधीच नको. मला तू येतेस ती सांगायला येतेस हे दोन वर्षं दिसतंय. मी दर वेळी देवाला बोलते, आज नको."

तिने चार पापलेटं पिशवीत घातली आणि पिशवी माझ्यापुढे धरली. आमच्या रिवाजाप्रमाणे मी पर्समधून पाचशेची नोट काढली आणि पुढे केली. हात मागे लोटला जाईल तेव्हा नोट घडी करून परत ठेवायची, इतकी ती सवयीची गोष्ट होती, की मी तिच्याकडे बघतही नव्हते.

तिने नोट घेतली.

ओल्या हातानेच घेतली, कमरेच्या बटव्यात ठेवली आणि सुटे पैसे काढायला लागली. इतक्या वर्षांत आमच्या घराकडून तिने घेतलेला हा पहिला पैसा. मोकळं वाटायला हवं होतं, फिटलं एकदाचं असं. तसं काही वाटलं नाही. आईने जिन्यात धरलेला दंड आज माझ्या खोट्याने सुटला, मी गिऱ्हाईक झाले, एवढंच वाटलं, आणि मला तिला म्हणावंसं वाटलं की नको घेऊस, आजच्या दिवस नको. पण ते म्हणायचा हक्क मला कुठून असणार?

आत तांडेल जागा झाला होता. यंत्राच्या घरघरीवरून त्याचा आवाज आला. तो मोजत होता, अगदी शाळकरी पोरासारखा, एकेक आकडा नीट उच्चारत. आम्ही दोघी ऐकत राहिलो. चार झाले, पाच झाले. मी त्याच्याबरोबर मनात मोजत होते, आणि मुद्दाम हळू मोजत होते. सहावर तो थांबला.

मावशीने सुटे पैसे माझ्या तळहातावर ठेवले. नोटांना खवले चिकटले होते. पुढच्या शनिवारी येताना मोठी पिशवी आण, म्हणाली, आणि पुढचं पापलेट हातात घेतलं.